मी पुरावा नाही

यवत, ता. दौंड
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय ताई,

सप्रेम जयभीम. सम्राट दाजींनाही सांग. तुमच्या शिरूरला थंडी पडली का? इकडं उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्यात, रस्ता ओलांडायचा म्हणजे जीव मुठीत. आई ठणठणीत आहे. मी दोन्ही वेळा जेवतो. हे तू विचारायच्या आधीच लिहून टाकलं.

शुक्रवारी संध्याकाळी विहारात महिलांची बैठक होती. आईनं माईक हातात घेतला आन् म्हणाली, "दुसऱ्याची कशाला सांगू? माझंच पोरगं बघा. हुशार होतं. त्या कला केंद्रानं नासवलं." त्या एका वाक्यानं माझं सगळं फिरलं, ताई. माईक मीच लावून दिला होता. मागं ऐकू येत नाही म्हणून तिचा आवाज मीच वाढवला होता. सगळ्या बाया एकदम वळून माझ्याकडं बघायला लागल्या. बघायच्या कार्यक्रमात वरपक्ष बघतो ना पोरीकडं, तसं. फरक एवढाच की नासका आंबा कुठून नासलाय ते शोधत होत्या.

हे फोनवर सांगणार होतो. पण तू फोनवर "बरं, ठेव आता" म्हणतेस. पत्र वाचताना ठेवलंस तरी उरलेलं तिथंच राहतं. रविराज भाऊ, ज्यांच्या साऊंडच्या दुकानात मी काम करतो, ते उद्या शिरूरला स्पीकर पोचवायला येणार आहेत. त्यांच्या हातून देतो.

आईचं म्हणणं तुला माहीतच आहे. हायवेपलीकडचं कला केंद्र बंद झालं पाहिजे. महिला ग्रामसभेत ठराव करायचा, परवाना रद्द करा म्हणून कलेक्टर ऑफिसला पाठवायचा. दारूचं दुकान आडवं केलं तसंच. आठवतं? पप्पांना जाऊन वर्ष झालं नव्हतं, आन् आई आपल्या दोघांना घेऊन दारोदार फिरत होती, "आडव्या बाटलीवर शिक्का मारा" म्हणून. मी तेव्हा तिच्याबरोबर होतो. आजही कुणी ते दुकान उघडलं तर पहिला दगड माझा. पण बाटली आडवी झाली म्हणून बाटलीला कुठं बिऱ्हाड हलवावं लागलं नाही. केंद्रात बाया राहतात, ताई. त्यांच्या चुली आहेत, दोरीवर धुणं असतं, शाळेत जाणारी पोरं आहेत.

मी आईला हे म्हणालो. ती म्हणाली, "पिढ्यान् पिढ्या गावानं आपल्या बाया नाचवल्या. बाबासाहेबांनी सांगितलं हे सोडा. आन् माझं पोरगं त्याला कला म्हणतंय!"

मी म्हणालो, "सोडा म्हणाले. हाकला म्हणाले न्हाईत."

तिनं ताट माझ्यापुढं सरकवलं ते जरा जोरातच. आमटी सांडली. मग ती पुसताना हळूच म्हणाली, "तुझ्या बापाला मी सोड म्हणत हुते. त्यानं न्हाई सोडलं. माणूस आपल्या हातानं सोडत न्हाई, संघर्ष. दार बंद करावं लागतं." रात्रभर उत्तर शोधलं, अजून पुरतं सापडलेलं नाही. पण मला तिच्यासारखं वाटत नाही, ते नाहीच.

आता तुझा प्रश्न. "ती नाचणारी कोण?" तिचं नाव शितल. बारीतली म्हणजे तिथल्या पार्टीतली सगळ्यात चांगली गाणारी, हे मी आंधळा होऊन सांगत नाही, साऊंडवाला म्हणून सांगतो. माईक तोंडापासून किती लांब धरायचा हे तिला कुणी शिकवलेलं नाही. वरचा सूर लागला की हात आपोआप खाली जातो. मी अॅम्प्लिफायर दुरुस्त करायला गेलो होतो, तेव्हा ती पेरूला मीठ लावून खात बसली होती. म्हणाली, "ए वायरमन, तुझा डबा माझ्यापेक्षा जास्त किंचाळतोय." तेव्हापासून मी वायरमन. तिनं एकदासुद्धा मला नावानं हाक मारलेली नाही. मला चालतं.

मी केंद्राला धुतल्या तांदळाचं म्हणत नाही. आतल्या खोल्यांत काय चालतं ते माझ्या स्पीकरला पण ऐकू येतं. पुण्याहून गाड्या येतात, पिऊन येतात, बाईला फर्माईश करताना बोटानं बोलावतात. गेल्या महिन्यात एकानं शितलचं मनगट धरलं आन् सोडेना. माझं डोकं तुला माहीत आहे. मी मेन स्विच पाडला. सगळा अंधार. मला वाटलं, लई भारी काम केलं.

लाईट आली तेव्हा ती कोपऱ्यात उभी होती, बांगड्या फुटलेल्या. पार्टीच्या मालकीण धुरपदाबाई त्या माणसाला गचांडी धरून बाहेर काढत होत्या. शितल माझ्यावरच उखडली. "उजेडात त्याला धा माणसं बघत हुती, त्याचा हात मी सोडवलाच असता. अंधार कशाला केलास? अंधारात तर त्याचंच राज्य की!"

ताई, मला आईला हेच सांगायचंय. परवाना आहे, पाटी आहे, बंद व्हायची वेळ आहे, दारात धुरपदाबाई आहेत. हे सगळं म्हणजे उजेड. तो काढला की नाच थांबत नाही. कुणाच्या तरी फार्महाऊसवर जातो, आन् तिथं कुणाची गचांडी कोण धरणार?

त्या दिवशी शितलशी आणखी पण बोलणं झालं. ते राहू दे.

शनिवारी महिला ग्रामसभा आहे. माईक माझाच. आईनं सांगितलंय, "भाडं पंचायत देणार, वेळेत ये." आन् मी काल केंद्रावर जाऊन धुरपदाबाईंना ग्रामसभेची तारीख सांगून आलोय. तुम्ही गावात राहता, तुम्हाला बसायचा हक्क आहे, म्हणालो. आईनंच शिकवलंय हे, बाटलीच्या वेळी. आईला मी सांगितलेलं नाही. तू फोन करून सांगितलंस तरी माझी हरकत नाही. मी लपून करत नाही, फक्त तिच्यासमोर तोंड उघडलं की भांडण होतं.

तुझा,
संघर्ष

---

१६ नोव्हेंबर

ताई,

जयभीम. तू आईला फोन केला नाहीस, म्हणजे माझी बाजू घेतलीस का भांडणाला भिलीस ते कळलं नाही. असो. काल काय झालं ते दुसऱ्या कुणाकडनं मीठमसाला लावून कळायच्या आत लिहितो.

ग्रामपंचायतीपुढं मांडव. आतल्या माणसांसाठी दोन बॉक्स, आन् छपरावर भोंगा, म्हणजे रानातल्या बायांना पण ऐकू जावं. भोंगा आईनंच लावायला सांगितला होता. सरपंच बाळासो दारात खुर्ची टाकून बसले होते. बायकांच्या सभेत त्यांचं काय काम हे कुणी विचारलं नाही. आई ठराव वाचायला उभी राहिली, आन् तेवढ्यात केंद्रातल्या बाया आल्या. साध्या साड्या, केसांना तेल, पायात चपला. पुढं धुरपदाबाई, मागं शितल.

गलका झाला. "ह्या कुठल्या? ह्यांचं काय हितं?" बाळासो उठले. "ओ बाई, ही गावच्या महिलांची सभा हाय."

धुरपदाबाई म्हणाल्या, "इलेक्शनला मतं मागाय आला हुता, सरपंच, तवा आमचा उंबरा गावात हुता. आता काय पुरात वाहून गेला व्हय?"

बाया हसल्या. आई हसली नाही. म्हणाली, "मतदान वेगळं. तुम्ही धंद्यासाठी आलाय, उद्या पार्टी उचलून दुसरीकडं जाल. गावात घर असणं येगळं."

यावर धुरपदाबाईंनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. भांडल्या नाहीत. आईच्या जवळ गेल्या आन् एकदम साध्या आवाजात म्हणाल्या, "सुरेखाताई, पोलिओच्या डोसाला तुम्हीच येता न्हवं आमच्याकडं? दाराबाहेर उभ्या राहता, आत पाऊल टाकत न्हाई, पण पोरं बाहेर बोलावून डोस पाजता. आन् जाताना आमच्या एकेका दारावर खडूनं खूण करता. कशाची असती ती खूण?"

आई हातातल्या ठरावाच्या कागदाकडं बघायला लागली.

"सांगा की. हितं घर हाय, हितलं लेकरू मोजलं, अशीच ना? तुमच्याच हातची हाय. आजून पुसली न्हाई आमी."

तुला माहीत आहे आई आशा वर्करचं काम कसं करते. मिस्त्री लोकांच्या पत्र्याच्या खोपटावर सुद्धा खूण करते, ऊसतोडीच्या कोपीवर करते. "ज्या दारात लेकरू ते घर," असं नव्या पोरींना शिकवते. स्वतःच्याच नियमात ती सापडली होती. बाळासो म्हणाले, "ताई, ऐकू नका, बाहेर काढा." आईनं त्यांच्याकडं बघितलं नाही. तिनं पदर खोचला आन् म्हणाली, "बसा. पुढं सरकून बसा, मागच्यांना जागा होऊ द्या."

खरं सांगतो, त्या क्षणी मला आईचा एवढा अभिमान वाटला की मी तिच्या विरोधात आहे हेच विसरलो.

मग शितल बोलायला उठली. मी माईक नेऊन दिला. तिनं माझ्याकडं बघितलं पण नाही. म्हणाली, "मी शितल. मला बी काही गोष्टी बंद करायच्यात. आतल्या खोल्या बंद करा. पिऊन आलेला गेटवरच अडवा. आमी तक्रार द्यायला गेलो तर पोलिसांनी ती लिहून घ्यावी, 'तुमचा तर धंदाच हाय' म्हणू नये. ह्याचा ठराव करा, पहिला हात माझा. पण केंद्र बंद करू नका. तुमच्या गावातनं आमी गेलो म्हणजे नाच गेला न्हाई. आमी दिसायच्या बंद होऊ, एवढंच."

मागून कुणीतरी ओरडलं, "सुरेखे, सून लई भारी बोलती की गं!" आन् सगळा मांडव हसला. आईचं तोंड काळंठिक्कर पडलं. बाळासोंनी मला खूण केली, बंद कर. पण मी त्यांच्याकडं बघतच नव्हतो, शितलकडं बघत होतो. ती हसं ओसरायची वाट बघत उभी राहिली, जशी टाळ्या थांबायची बघते तशी. मग म्हणाली,

"मी कुणाची सून न्हाई. ह्या पोरानं मला इचारलं हुतं. मी न्हाई म्हणले."

ताई, माझा हात बटनावरच होता. एवढंसं दाबलं असतं तर पुढचं कुणाला ऐकू गेलं नसतं. छपरावर भोंगा. रानातल्या बाया, टपरीवरची पोरं, हायवेचा पंक्चरवाला, सगळ्यांना ऐकू जात होतं. मी हात काढून मांडीखाली घेतला.

"त्यो वाईट न्हाई," ती म्हणाली. "पण त्याला वाटतं लगीन करून मला हितनं सोडवावं. मला सोडवायला मी काय खुट्याला बांधलेली हाय का? मी नाचते, माझे आईबाप खात्यात. माझं काम हाय. मावशी, तुमचं पोरगं मी नासवलं न्हाई, आन् तुमच्या पोरासाठी मी हितं आले न्हाई. माझ्या कामासाठी आले." मग माईक नीट जागेवर ठेवला आन् खाली बसली.

हेच ते बोलणं, जे मागच्या पत्रात राहू दे म्हणालो होतो. बांगड्या गोळा करता करता मी तिला विचारलं होतं, माझ्याशी लग्न कर, हे सगळं सोड. तिनं जागेवर नाही म्हटलं होतं. तुला पत्र लिहिलं तेव्हा मला हे माहीत होतं. मी गावभर भांडत होतो ती बाई मला मिळणार नव्हती, आन् ते मला माहीत होतं. तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, "मग तुझं काय जातंय?" म्हणून नाही सांगितलं.

हात वर करून मत झालं. आपली सखूबाई, जिच्या भाकऱ्या रोज केंद्रात जातात, ती खाली बघत बसली, हात वर केला नाही. शेजारच्या दोघी-तिघींनी पण तेच केलं, मग ओळीच्या ओळी तशाच बसल्या, निम्मे पण हात वर आले नाहीत. आईचा हात सगळ्यात आधी वर गेला आन् सगळ्यात शेवटी खाली आला. ठराव पडला.

आईनं स्वतः माईकवर सांगितलं, "ठराव नामंजूर." आवाज जरा पण कापला नाही. मी वायरी गुंडाळत होतो तेव्हा जवळून गेली, थांबली नाही.

दाजींना हे वाचायला दिलंस तरी चालेल. आता काय लपवायचं, सगळं भोंग्यावर झालंय.

तुझा,
संघर्ष

---

२० नोव्हेंबर, दुपार

आई,

जयभीम. एका घरात राहून पत्र लिहितोय, त्याला इलाज नाही. चार दिवस तू माझ्याशी "जेव" आन् "बाजूला हो" एवढंच बोललीस. काल रात्री मात्र म्हणालीस, "ठराव पडला म्हणून मी थांबणार न्हाई. आई म्हणून माझा स्वतःचा अर्ज देणार. परवा माझ्याबरोबर पुण्याला चल. साहेबांपुढं नुसता उभा राहा, बोलू नको. बघितल्यावर त्यांना कळंल." तुझ्या डोळ्यात पाणी होतं म्हणून मी हो-नाही काहीच म्हणालो नाही. आता म्हणतो. मी येणार नाही.

तू अर्जात लिहिलंस की कला केंद्राच्या नादानं मुलानं कॉलेज सोडलं. केंद्राचं गेट मी पहिल्यांदा बघितलं ते जुलैत. कॉलेज सोडलं फेब्रुवारीत. मधल्या काळात मी तुला "सुट्टी आहे", "संप आहे" सांगत होतो, ते तुला आठवत असेल.

प्रॅक्टिकलला माझं उत्तर चुकलं. सर सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "तुम्हाला काय काळजी, स्कॉलरशिप येते, नापास झालं तरी चालतंय." पोरं हसली. माझ्याबरोबर रोज डबा खाणारा पण हसला. मी जर्नल त्यांच्या टेबलावर आपटलं आन् जिना उतरलो, तो परत चढलो नाही. मला कुणी काढलं नाही. मी गेलो नाही.

तुला का नाही सांगितलं? तू दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं गेली असतीस. त्यांच्या केबिनबाहेर स्टुलावर बसून राहिली असतीस, आन् दार उघडल्यावर त्या माणसाला "सर, एवढ्या वेळी पोराला माफ करा" म्हणाली असतीस. तू असल्या माणसाला सर म्हणावं हे मला बघवलं नसतं. अजून बघवणार नाही, म्हणून आता सांगितलं तरी जायचं नाही.

तर मला ज्यानं घालवलं त्याच्या दारावर कुणी ठराव केला नाही. त्याला पेन्शन लागेल. आन् ज्या बाईनं मला भर सभेत नाही म्हटलं, पण वाईट म्हटलं नाही, तिला गावाबाहेर काढायला तू मला पुरावा म्हणून उभा करतेस. मी पुरावा नाही, आई. मी माणूस आहे, चुकलेला असेन, तापट तर आहेच.

तू पप्पांचं दार बंद केलंस ते बरोबर केलंस. दुकान मेलं, पण पप्पा आधीच गेले होते. त्यांना उशिरा वाचवलं म्हणून तू आता मला लवकर वाचवायला निघालीस. मला कळतं ते. पण मी पीत नाही, आन् ती दारू नाही.

गाव म्हणतं, संघर्ष बाईपायी बोलतोय. तिनं नाही म्हटलंय, केंद्रावर साऊंडला आता रविराज भाऊ दुसऱ्याला पाठवतात, कारण मीच नको म्हणालो. आता बाई नाही, तरी बोलतोय. माझं मन तिच्यावरनं उठलेलं नाही हे पण खरं. ते मी कुणाच्या परवानगीनं ठेवलेलं नाही, कुणाच्या अर्जानं रद्द होणार नाही.

उद्या साहेबांनी विचारलं, मुलगा कुठं आहे, तर खोटं सांगू नको. तुला जमत पण नाही. सांग, माझा मुलगा माझ्या विरोधात आहे. आन् त्यांनी मला बोलावलं तर मी येईन, आन् तुझ्यासमोर उभा राहून खोल्या बंद करा, केंद्र चालू ठेवा, असंच म्हणेन. शितल म्हणाली म्हणून नाही. मला पटलंय म्हणून.

रविराज भाऊंच्या दुकानाच्या माळ्यावर जागा आहे, तिथं राहतो. कपडे घेतलेत. तुझ्या बीपीच्या गोळ्या संपल्या होत्या, आणून फडताळात ठेवल्यात, सकाळची आन् रात्रीची वेगळी.

निघताना दार असं आपटणार होतो की आख्ख्या वस्तीला कळलं पाहिजे. पण तू लसीकरणाची फेरी करून आलीस ती चटईवरच झोपलीयस, एका पायात चप्पल अजून तशीच. म्हणून हळूच ओढून घेतोय. राग तेवढाच आहे.

तुझाच, आन् तुझ्या विरोधातला,
संघर्ष